गाडी निघाली की

“माणसानं जावं तरी कुठून? मुंगीच्या वाटेनं?”

शेजारची शांता हे स्वतःशीच पुटपुटली होती. पण रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या गल्लीत स्वतःशी बोलायची सोयच नव्हती. वनमालाच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडायची, आणि गल्ली अशी की शांताच्या हातातली भाजीची थैली खिडकीचे गज घासत गेली. कढईत फोडणी तडतडत असतानाही वनमालाला ते शब्द नीट ऐकू आले.

“डबे आत घ्यायले सांगते मी,” ती खिडकीतूनच म्हणाली. दाराशी फायबर घट्ट करायच्या रेझिनचे दोन मोठे डबे कालपासून पडून होते, आणि शांताला त्यांना वळसा घालायला भिंतीला पाठ लावून सरकावं लागलं होतं.

“अवो, तुमाले नाही म्हटलं मी,” शांता ओशाळली. “मी त आपली अशीच. पण आत तरी जागा कुठं हाय? आतमंदी जे हाय ते बाहीर...” एवढं बोलून ती थबकली आणि थैलीत पाहायला लागली. “मेथी चांगली भेटली आज. देऊ का एक जुडी?”

“द्या.”

मेथीची जुडी गजांतून आत आली आणि शांताचं वाक्य बाहेरच राहिलं. अशी अर्धी वाक्यं त्या गल्लीत सहा वर्षांपासून साठत होती.

आत म्हणजे अंगणात, आणि अंगणात होती गाडी. लाल, लांब, बुटकी, जमिनीला पोट टेकून बसलेली, इटलीत बनते तशी. ‘तशी’ हा शब्द वनमालाच्या नवऱ्याला, यशवंतरावांना, खपत नसे. “तशी नाही. तेच,” ते म्हणायचे. “फकत थे तिकडे बनते, हे इकडे.” खरी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या ओळखीत कोणीच पाहिली नव्हती, त्यामुळे नक्कल चुकली असं म्हणणाराही कोणी नव्हता. बघायला येणारे मात्र यायचे. लग्नाला आलेले पाहुणे यायचे, कॉलेजची पोट्टी यायची, एकदा एका हिंदी पेपरवाल्यानं येऊन फोटो काढला. गाडी पाहिली की माणसाचा हात आपोआप पुढे जायचा, गाईच्या पाठीवर जातो तसा. त्या लाल रंगावरून हात फिरवताना मोठमोठी माणसं गप्प व्हायची. मग ती अंगणभर नजर फिरवायची, दाराकडे बघायची, गल्लीकडे बघायची, आणि चहा कसा झाला ते सांगायची.

यशवंतराव रेल्वेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. मालगाडीचे डबे दुरुस्त करायचे. दोन हजार पाच साली रिटायर झाले, आणि त्यानंतर अकरा महिने ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले. सकाळी साडेपाचला उठायचे, दाढी करायचे, पँट-शर्ट घालायचे आणि बसायचे. पोळी जरा वाकडी झाली तर ताट सरकवणारा हा माणूस. त्या अकरा महिन्यांत वनमाला दोनदा भाजीत मीठ विसरली तरी त्यानं मुकाट्यानं खाल्लं. दुसऱ्या वेळी ती मुद्दाम विसरली होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली.

मग रद्दीवाल्याकडून एक इंग्रजी मासिक घरी आलं, कपाटात अंथरायला. त्यात ही लाल गाडी होती आणि चित्राखाली मापांचा तक्ता होता. यशवंतरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माप वाचायला भाषा लागत नाही. “रुंदी एक हजार नऊशे शहात्तर मिलिमीटर,” ते मोठ्यांदा म्हणाले. “वनमाला, पाय, कशी फैलून बसली हाय.” आणि मग म्हणाले, “चहा कर. साखर जराशी जास्त टाक.”

अकरा महिन्यांतली ती त्यांची पहिली फर्माईश होती.

भंगारातून एक जुनी छोटी गाडी आणली. चार माणसांनी ढकलत गल्लीतून आत घातली, ती सहज आली. आली तेव्हा सडपातळच होती. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीसारखी मग ती या अंगणात बसून बसून रुंदावली. यशवंतरावांनी तिची वरची पत्र्याची कातडी काढली, खाली पाइपांचा सांगाडा जोडला, इंजिन उचलून मागे नेलं. फायबरचं काम शिकायला ते बागांचे पुतळे बनवणाऱ्या कारागिरांकडे महिनाभर जाऊन बसले. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून नव्या बागाच बागा झाल्या होत्या, आणि प्रत्येक बागेत कचरा खायला तोंड वासून उभा असलेला एक फायबरचा ससा होता. सशाचे कान ज्या हातांनी बनायचे त्याच हातांकडून यशवंतराव इटालियन गाडीचं बॉनेट शिकून आले.

छोटी करा, असं सुरुवातीला कारागिरांनीही सांगून पाहिलं होतं. हातभर कमी केली तरी लाल ती लालच दिसेल. “मंग ते सशासारखंच होईल,” यशवंतराव म्हणाले. “करायची त मापात करायची.”

त्या मापापायी सहा वर्षं गेली. प्रॉव्हिडंट फंड गेला, तो जाऊ द्या. डाव्या करंगळीचं टोक ग्राइंडरमध्ये गेलं. फायबर घासताना उडणाऱ्या भुश्यानं खोकला आला तो राहायलाच आला. फायबरमधल्या काचेची कुसळं कपड्यांत अशी शिरायची की वनमाला त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी तिच्या निऱ्यांत, उशीत, पोळपाटावर कुठेतरी एखादं कुसळ टोचायचंच. आणि अंगणाच्या पलीकडे न्हाणीघर. गाडी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा उरली होती. न्हाणीघरात जायचं तर पोट आत ओढून, पदर आवळून, खेकड्यासारखं आडवं सरकायचं. सहा वर्षं वनमाला आपल्याच घरात आडवी चालत होती. एकदा गुडघा गाडीच्या आरशाला आपटला, तेव्हा यशवंतराव धावत आले आणि आधी आरसा पाहिला. मग तिच्याकडे पाहून इतके खजील झाले की तिलाच हसू आलं.

पण तिची खरी गोष्ट पहिल्या वर्षीची होती, आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. यशवंतरावांनी ज्या दिवशी अंगणात खडूनं गाडीचा पूर्ण आकार आखला, त्या दुपारी ते झोपल्यावर तिनं शिवणाच्या डब्यातली टेप काढली. लोकांचे ब्लाउज शिवून तिनं मुलगा पराग लहान असताना घराला हातभार लावला होता. माप तिलाही कळायचं. टेप साठ इंचांची. गल्लीत शेजारच्या तुळशीरामच्या पायरीपाशी सगळ्यात चिंचोळी जागा होती, तिथं टेपेवर दहा इंच जास्त लागले. खडूच्या रेघेला अठराला जरासे कमी. म्हणजे आठ इंचांचा फरक. ब्लाउज असतं तर शिवण उसवून दोन-तीन इंच काढता आले असते.

ती टेप गुंडाळत उभी राहिली. आतून भांड्यांचा आवाज आला. यशवंतराव उठून स्वतःच्या हातानं डब्यातली उरलेली पोळी वाढून घेत होते. दुपारी चार खाल्ल्या होत्या, ही पाचवी.

वनमालानं टेप डब्यात ठेवली आणि आठ इंच गिळून टाकले.

पुढे चौडीकरणाची, म्हणजे गल्ली रुंद करायची, हवा उठली आणि तिला वाटलं, देव काही अगदीच वाईट नाही. राजधानीत असल्या गल्ल्या शोभत नाहीत, दोन्ही बाजूंची घरं तीन-तीन फूट कापणार, असं सगळे म्हणायला लागले. माप घ्यायला माणसं आली, भिंतींवर लाल खुणा करून गेली. तुळशीरामची म्हातारी आई पायरी जाणार म्हणून रडली. यशवंतरावांनी मात्र माप घेणाऱ्यांना बोलावून चहा पाजला. आपल्याच घराची भिंत पाडायला आलेल्यांना बिस्किटं देणारं ते गल्लीतलं एकच घर.

त्यानंतर ‘गाडी निघाली की’ हे त्या घराचं पंचांग झालं. गाडी निघाली की घराला चुना. गाडी निघाली की वनमालाच्या गुडघ्याचा एक्स-रे. आणि गाडी निघाली की परागकडे जायचं.

पराग त्यांचा एकुलता एक. त्याचं ऑफिस नव्या रायपूरला गेलं तेव्हा त्यानं त्या रस्त्यावर तेलीबांध्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट, न्हाणीघर खोलीला लागून, गॅलरीतून तलाव. त्याची बायको क्षमा तीही नोकरीला, आणि त्यांची मुलगी शाळेतून दीड वाजता घरी यायची. “आई, तुझी खोली रेडी है,” पराग फोनवर म्हणायचा. त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून बहुतेक हिंदीच निघायची. “आप आ जाओ ना. गुड़िया रोज पूछती है.”

वनमाला फोन ठेवून अंगणात यायची आणि म्हणायची, “पराग म्हणते, आपण यावं तिकडं.”

हिंदीतला ‘आप’ एकट्याचाही असतो आणि दोघांचाही. मराठीत आणताना वनमाला त्याला मागे एक ‘ण’ लावायची, आणि एकाचे दोघं व्हायचे. एवढंच तिचं कसब.

“जाऊ ना,” गाडीखालून यशवंतरावांचा आवाज यायचा. “गाडी निघाली की जाऊ.”

मग ती परागला सांगायची, गाडी निघाली की येतो म्हणतात. “हाँ हाँ, ठीक है, कोई जल्दी नहीं,” पराग म्हणायचा, आणि पुढचं सगळं फार मोकळं बोलायचा.

बाप-लेकात भांडण असं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. फ्लॅटच्या वास्तुशांतीला घरभर पाहुणे असताना यशवंतरावांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं होतं आणि म्हणाले होते, “पोकळ हाय.” मग खिशातून टेप काढून दार मापलं आणि क्षमाच्या वडलांसमोर सांगितलं, “बिल्डरनं चार इंच खाल्ले. तू पाह्यलं नाही का बे?” त्यांच्या मनात काहीच नव्हतं, कोणत्याही दारापाशी ते हेच करायचे. पण पराग लहानपणापासून त्यांच्या मापात कमीच भरत आला होता. अक्षरात, गणितात, उंचीत. त्या दिवशी तो काही बोलला नाही. नंतरही नाही.

मेथीची जुडी आली तो सोमवार. आदल्याच दिवशी, रविवारी, पराग येऊन गेला होता. आत आला नाही. चांगल्या कपड्यांना फायबर चिकटतं. खिडकीपाशीच उभा राहिला, आणि वनमाला आतून पोळ्या लाटत राहिली.

“आई, वो लिस्ट आ गई,” तो हळू आवाजात म्हणाला. “चौड़ीकरण की. अपनी गली नहीं है उसमें. फाइल ही बंद हो गई.”

“पुढच्या साली होईल.”

“नहीं होगा, आई. सब पैसा उधर जा रहा है, नई सिटी में.” तो गजांशी चाळा करत होता. “और सुनो ना. स्कूल सोला जून को खुल रही है. क्षमाची आई अमरावतीहून यायले तयार आहे. अभी तक मैंने रोक के रखा है. लेकिन उनको टिकट निकालना है. आप गुरुवार तक बोल दो. मैं पाँच बजे फोन करूँगा.”

क्षमाची आई एकदा आली की ती खोली तिची होणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि वनमालानं विचारलं नाही.

“यादीचं तूच सांग ना त्यायले,” ती म्हणाली. “आतच आहेत.”

“आप बोल दो ना, आई.” पराग मनगटावरचं घड्याळ पाहून म्हणाला. “आपका सुनते हैं.”

तो गेल्यावर तिनं पाहिलं, लाटलेली पोळी छत्तीसगडच्या नकाशासारखी झाली होती.

सोमवारी ती सांगायला अंगणात गेली, तर यशवंतराव दाराचं रबर लावत होते आणि इतके खुशीत होते की तिनं मेथीची भाजी करू की पराठे, एवढंच विचारलं. मंगळवारी त्यांना खोकल्याची ढास लागली. बुधवारी तिनं सुरुवात केली होती, “मी म्हणते, समजा गल्ली नाहीच तुटली...” तर ते म्हणाले, “तो पाना दे बरं, बाराचा,” आणि तिनं पाना दिला. सांगितलं तर काय होईल ते तिला माहीत होतं. बाज अजून तिथंच होती. भिंतही तिथंच होती. आणि नाही सांगितलं तर खोली जाणार होती, तलाव जाणार होता, दीड वाजता दप्तर टाकून “आजी” म्हणणारी पोट्टी जाणार होती. साठीला आलेल्या बाईनं यातलं काय गिळावं? तिच्यानं आता फार गिळवत नव्हतं.

गुरुवारी साडेचारला यशवंतरावांनी हाक मारली, “ऐकते का? ये, बस.”

दुसरी सीट लागली होती. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून यांचंही डावीकडे. त्यामुळे वनमाला बसली तिथं आपल्याकडे ड्रायव्हर बसतो, पण तिच्या हातात धरायला काहीच नव्हतं. बसली म्हणजे पडलीच. गुडघे छातीशी आले. दार भिंतीमुळे वीतभरच उघडत होतं, त्यातून ती कशीबशी शिरली होती. पण आत शिरल्यावर तिनं सगळीकडे हात फिरवून पाहिला. काळं मऊ अस्तर, बारीक टाके. ते टाके तिच्याच मशीनवर घातलेले, तिला न सांगता. गोल काटेवाले मीटर, चकचकीत दांडा. नव्या वस्तूचा वास. पुढची काच अशी तिरपी की आभाळ मांडीवर आल्यासारखं.

“लय सुंदर झाली,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

यशवंतरावांनी किल्ली फिरवली. एवढ्या रुबाबदार अंगातून शिवणाच्या मशीनसारखा आवाज निघाला. त्यांचा चेहरा थोडा पडला. “इंजिन छोटं हाय ना,” ते म्हणाले. मग एक खटका दाबला, आणि बॉनेटवरचे दोन दिवे झोपेतून उठल्यासारखे वर आले. समोर दोन हातांवर भिंत होती. दिव्यांचे दोन पिवळे गोल तिच्यावर पडले, पोपडे स्पष्ट दिसायला लागले. दोघं नवरा-बायको त्या भिंतीकडे बघत बसली, जशी काही समोर लांबच लांब सडक आहे.

त्यांनी इंजिन बंद केलं. दिवे तसेच राहू दिले.

“यादीत आपल्या गल्लीचं नाव नाही,” वनमाला म्हणाली. समोर बघतच म्हणाली. शेजारी बसल्यानं ते एक सोपं झालं होतं.

“माहीत हाय. सोमवारी पेपरात आलं.”

“सोमवारी? आणि तरी तुमी रबर लावत होते?”

“रबर त लावाच लागते. नाही त पाणी शिरते.”

मग इतकी वर्षं दातांखाली धरलेलं तिनं सोडूनच दिलं. “तुळशीरामच्या पायरीपाशी पाच फूट दहा हाय. मी मापलं होतं. तुमी खडू मारला त्याच दिवशी.”

“पाच फूट पावणेदहा,” यशवंतराव म्हणाले. “पायरीले कोपरा हाय. मी खडू माराच्या आधी मापलं.”

वनमालानं मान वळवून पाहिलं. छत्तीस वर्षं ज्यानं रेल्वेचे डबे सुताच्या हिशेबात बसवले तो माणूस आपल्याच गल्लीचं माप चुकेल, असं तिला वाटलंच कसं, याचंच तिला नवल वाटलं.

“मंग बनवली काहून?”

“तू काहून नाही बोलली?”

“तुमी जेवून राहिले होते,” वनमाला म्हणाली.

यशवंतरावांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. अर्ध्या करंगळीनं ते चामडं हळूहळू खाजवत राहिले.

“म्हणजे गाडी निघतच नव्हती,” ती म्हणाली. तिचा आवाज आता चढायला लागला. “आणि तुमी मले दर बारीले सांगून राहिले, गाडी निघाली की जाऊ, गाडी निघाली की जाऊ. सहा वर्सं! मी इथं आंग चोरून चालून राहिली, माह्या गुडघ्याचं भुस्कट झालं. नाही जायचं, एवढं त म्हणता येत होतं ना सरळ! माणसानं दुसरी वाट त पाह्यली असती!”

खोकला आला तो त्यांनी तोंडातच दाबला.

स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला. पाच वाजले होते. वनमालानं घाईनं दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि भिंतीला टेकलं. तिनं एक पाय बाहेर काढून पाहिला, पण सीट इतकी खोल की उठायला जोर मिळेना. फोन वाजतच होता. तिनं हात लांब केला, यशवंतरावांनी तिचा दंड धरून वर ढकलायचा प्रयत्न केला. मग ढकलणं थांबवलं, पण दंड सोडला नाही.

“मी काहीतरी बोलाले त पायजे होतं ना,” ते म्हणाले. “तू फोन ठेवून येत होती, तुह्या तोंडाकडं पाहून...” त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. “पराग तुलेच बोलावते, वनमाला. मले नाही बोलावत तो.”